मांजराच्या लिटर ट्रेची जागा बदलताना

मांजरीण आपली पिल्ले सात घरे फिरवते, असा समज मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सात हा आकडा लोकांनी दिलेला असला, तरी त्यामागचे निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित किंवा अस्वच्छ वाटू लागली की मांजरीण पिल्लाला मानेजवळ अलगद दातांत धरते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते. मात्र तो निर्णय तिचा असतो. माणसाने आपल्या सोयीसाठी मांजराची शौचाची जागा एका दुपारीत बदलली, तर तेच मांजर गोंधळून जाते. नव्या जागेकडे ते पाठ फिरवते आणि जुन्या कोपऱ्यात, पायपुसण्यावर, कधी गादीवरही घाण करू लागते. घरातील मंडळी याला हट्ट किंवा सूड समजतात आणि राग त्या मुक्या जिवावर निघतो. प्रत्यक्षात चूक बहुधा जागा बदलण्याच्या पद्धतीत असते.

ऋतूंबरोबर फिरणारा ट्रे

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भाताच्या गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोंदिया शहरात, तसेच तिरोडा, आमगाव, देवरी या गावांत पुढे अंगण आणि मागे सांदवाडी असलेली घरे आजही आहेत. अशा घरातील मांजराला वेगळी सोय करून द्यावी लागत नाही. मागच्या मोकळ्या मातीत ते आपली व्यवस्था आपणच पाहते. सदनिकेत राहणाऱ्या मांजराला मात्र लिटर ट्रे लागतो. लिटर म्हणजे ओल शोषणारी माती, वाळू किंवा भुसा. ते भरण्यासाठी विकतचा ट्रे, एखादा पसरट टब किंवा घरातले जुने घमेलेही चालते.

हा ट्रे बहुतेक घरांत गॅलरीत किंवा खिडकीखाली ठेवलेला असतो, आणि विदर्भाचे हवामान त्याला एका जागी राहू देत नाही. मार्चअखेर माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि नेमका त्याच खिडकीत बसतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढला की गॅलरीतील फरशीवर पाय ठेववत नाही. जूनमध्ये पावसाच्या सरी गॅलरीत शिरून लिटरचा चिखल करतात. दिवाळीआधी रंगकाम निघते आणि सगळ्या खोल्या उलथ्यापालथ्या होतात. विदर्भातील सर्वांत कमी तापमानाच्या नोंदींत हिवाळ्यात गोंदियाचे नाव अनेकदा असते. त्या थंडीत रात्री उघड्या गॅलरीत जायला मांजरही नाखूश असते. परिणामी वर्षातून तीन-चार वेळा ट्रे इकडून तिकडे होतो आणि प्रत्येक वेळी मांजराला नव्याने सवय लावावी लागते.

वाळवंटातून आलेली सवय

घरातील मांजर पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतील रानमांजराच्या कुळातून आले. जगभरच्या मांजरांच्या जनुकीय अभ्यासातून २००७ मध्ये या मताला भक्कम आधार मिळाला. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले असून ते २००४ मध्ये प्रसिद्धीस आले. म्हणजे माणसाचा आणि मांजराचा सहवास शेतीच्या आरंभकाळाइतका जुना आहे. कोरड्या प्रदेशातील या पूर्वजाकडून मांजराला दोन गोष्टी मिळाल्या : कमी पाण्यावर राहण्याची क्षमता, जिच्यामुळे त्याचे मूत्र घट्ट आणि उग्र वासाचे असते, आणि मऊ, कोरड्या, उकरता येणाऱ्या मातीची ओढ.

पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की कोणी न शिकवता माती उकरू लागते. ‘ही शौचाची जागा’ ही ओळख त्याच्या मनात तीन खुणांवरून पक्की होते : पायाखालचा स्पर्श, आधीचा वास आणि घरातील नेमके ठिकाण. यांपैकी एक खूण बदलली, तर उरलेल्या दोन खुणांच्या आधारे मांजर सांभाळून घेते. तिन्ही एकाच दिवशी बदलल्या, म्हणजे नवा ट्रे, नवे लिटर आणि नवी जागा, तर त्याच्या दृष्टीने जुने शौचालय नाहीसे झालेले असते. जागा बदलण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीत आहे : एका वेळी एकच बदल करावा, आणि तोही हळूहळू.

शौच आणि खूण यांतील फरक

ट्रेबाहेरची प्रत्येक ओल सारख्या कारणाने होत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील वाघ-बिबटे झाडाच्या बुंध्यावर मूत्राचा फवारा मारून आपली हद्द जाहीर करतात. घरातला बोकाही हेच करतो. तो उभा राहतो, शेपटी ताठ करतो आणि भिंतीवर, दारावर किंवा पडद्यावर मागच्या बाजूने फवारा उडवतो. हे हद्दीची खूण करणे होय. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यांत ते अधिक आढळते, आणि खिडकीबाहेर दुसरे मांजर फिरू लागले की वाढते. त्यावर ट्रेची जागा बदलणे हा उपाय नव्हे. निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेने बहुतेक बोक्यांत ते बरेच कमी होते.

याउलट, मांजर खाली बसून जमिनीवर किंवा कापडावर मोठे डबके करीत असेल, तर ते शौचासाठी जागा शोधत आहे आणि ट्रे त्याला पसंत नाही, किंवा ते आजारी आहे, असे समजावे.

आधी आजार नाही ना, हे पाहावे

ट्रे हलवण्यापूर्वी, आणि हलवल्यानंतर बिघाड दिसला तर, पहिला विचार प्रकृतीचा करावा. मूत्राशयाचा दाह, मूत्रखडे, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह आणि म्हाताऱ्या मांजरांतील सांधेदुखी, ही सर्व ट्रेबाहेर घाण होण्याची कारणे आहेत. मूत्राशयाच्या दाहाचा एक प्रकार तर मानसिक ताणामुळे बळावतो, आणि घरातील अचानक बदल हे अशा ताणाचे नेहमीचे कारण आहे.

बोक्यांच्या बाबतीत एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात खडा किंवा चिकट द्रव्य अडकून लघवी पूर्ण बंद होऊ शकते. असा बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लिंग चाटत राहतो. पण थेंबही पडत नाही. घरच्यांना वाटते, बद्धकोष्ठ झाले किंवा नवी जागा आवडली नाही. या अवस्थेत एक-दोन दिवसांतच जीव जाऊ शकतो. म्हणून सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. गोंदिया जिल्ह्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या उपचारांचा भार मोठा असतो. तेव्हा मांजरांवर उपचार करणारे जवळचे पशुवैद्यक कोण, याची चौकशी निकड येण्याआधीच करून ठेवावी. पुढील तपासण्यांसाठी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

बाराही महिने चालेल अशी जागा

पुन्हा पुन्हा हलवण्यापेक्षा वर्षभर टिकेल अशी जागा एकदाच निवडणे शहाणपणाचे. ती निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

- कूलरच्या झोतात किंवा त्याच्या शेजारी ट्रे ठेवू नये. पंख्याच्या घरघरीने मांजर दचकते आणि दमट हवेने लिटर लवकर ओले होते. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या पंपाजवळची जागाही याच कारणाने टाळावी.

- आपल्याकडील न्हाणीघर दिवसभर ओले असते. बादलीतले पाणी ट्रेमध्ये उडते आणि आत कोणी गेले की दार बंद होते. कोरडा राहणारा कोपरा आणि सदैव उघडे राहणारे दार असेल, तरच तेथे ट्रे ठेवावा. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून अडसर लावावा.

- खाण्यापिण्याची वाटी आणि ट्रे यांत पुरेसे अंतर हवे. मांजर जेवणाच्या जागी शौच करीत नाही.

- जिन्याखालचा किंवा कपाटामागचा कोपरा माणसाला सोयीचा वाटतो. पण त्याला एकच वाट असते. घरात दुसरे मांजर, कुत्रा किंवा लहान मूल असेल, तर अशा जागी कोंडी होते. बसल्याजागी समोरचे दिसेल आणि दोन बाजूंनी निसटता येईल, अशी जागा मांजराला सुरक्षित वाटते.

- म्हाताऱ्या मांजराला जिना चढावा लागू नये. दुमजली घरात प्रत्येक मजल्यावर एक ट्रे ठेवावा.

मांजरांची जितकी संख्या, त्याहून एक ट्रे अधिक, असा संकेत पशुवैद्यक सांगतात. सगळे ट्रे एकाच ओळीत मांडले, तर मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते. म्हणून ते वेगवेगळ्या ठिकाणी असावेत. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. बाजारातील पुष्कळ ट्रे या मापाला अपुरे पडतात. घरातले घमेले किंवा साठवणीचा पसरट डबा त्यांपेक्षा बरा ठरतो.

हलवण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत दोन ट्रेंची. जुना ट्रे आहे तेथेच ठेवून नव्या जागी तशाच आकाराचा दुसरा ट्रे ठेवावा. त्यात तेच लिटर भरावे आणि जुन्या ट्रेमधील थोडे वापरलेले लिटर मिसळावे, म्हणजे वासाची ओळख पटते. मांजर नव्या ट्रेचा वापर नियमाने करू लागल्यावर आणखी आठवडाभर थांबून जुना ट्रे काढावा. दुसरी खोली, दुसरा मजला किंवा दूरची जागा असेल, तर हीच पद्धत योग्य होय.

दुसरी पद्धत सरकवण्याची. अंतर थोडे असेल आणि मार्ग सरळ असेल, तर तोच ट्रे रोज थोडा थोडा, फार तर फूटभर, नव्या जागेच्या दिशेने सरकवावा. दहा-बारा फुटांसाठी साधारण दोन आठवडे लागतात. वाटेत उंबरठा किंवा दार आले, तर तेथे दोन-तीन दिवस मुक्काम करावा. एखाद्या दिवशी मांजराने ट्रेबाहेर घाण केली, तर ट्रे कालच्या जागी मागे न्यावा, चार दिवस थांबावे आणि मग पुन्हा पुढे सरकावे. दिवाणखान्याच्या मध्यावर चार दिवस ट्रे दिसला तर पाहुण्यांसमोर संकोच वाटेल; पण गादी धुण्यापेक्षा तो परवडतो.

यावरून वेळेचे गणित निघते. कूलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसणार असेल, तर ट्रेचा प्रवास मार्चच्या मध्यापासूनच सुरू व्हावा. पावसाळ्यासाठी मेअखेरीस, आणि रंगकामासाठी रंगारी येण्याच्या किमान दोन आठवडे आधी दुसरा ट्रे आत ठेवावा. घाई ज्या दिवशी असते, त्या दिवशी मांजर काही शिकत नाही.

या काळात दिवसातून एकदा तरी गुठळ्या व विष्ठा काढाव्यात. मांजर ट्रेच्या काठावर पाय ठेवून कसेबसे उरकत असेल, न उकरता पळ काढीत असेल किंवा ट्रेबाहेरची फरशी खरवडत असेल, तर काहीतरी खुपते आहे, असे जाणावे. मांजराला ओढत नेऊन ट्रेमध्ये बसवणे, त्याचे नाक घाणीत घासणे किंवा चापट मारणे यांतून त्याला एकच गोष्ट कळते : माणूस जवळ असताना शौच करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली, नजरेआड जाऊन करू लागते.

ट्रेमध्ये काय भरावे?

विकतचे लिटर ही अलीकडची वस्तू आहे. अमेरिकेत १९४७ पर्यंत लोक वाळू आणि चुलीतील राख वापरीत. त्या वर्षी मिशिगन राज्यातील एड लो या तरुणाने शेजारणीला राखेऐवजी फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्याकडील मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती दिली. त्यातून तेथील लिटरचा व्यवसाय उभा राहिला. ओल लागताच गुठळी होणारे बेंटोनाइट मातीचे लिटर १९८० च्या दशकात आले. बेंटोनाइटचे मोठे साठे भारतात गुजरातच्या कच्छमध्ये आणि राजस्थानात आहेत.

गोंदियात भाताच्या तुसाचा तुटवडा नाही. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूसच असते. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरण्यासाठी ते सर्रास वापरतात, म्हणून मांजरासाठीही ते चालेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तुसात सिलिका भरपूर असल्याने ते खरखरीत असते आणि मूत्र फारसे शोषून घेत नाही. मिळेल ती माती किंवा वाळू यांत थोडे मिसळण्यापुरताच त्याचा उपयोग. राख पायांना चिकटून घरभर पसरते. लाकडाचा भुसा शोषक असला, तरी बारीक भुशाची धूळ नाकात जाते. तो चाळूनच घ्यावा. नदीची बारीक वाळू उन्हात खडखडीत वाळवून वापरल्यास मांजराला आवडते, पण ती वास धरून ठेवते, म्हणून वारंवार बदलावी लागते. थर साधारण दीड-दोन इंचांचा असावा. कोणतेही लिटर निवडले, तरी जागा बदलण्याच्या काळात ते बदलू नये.

जुन्या जागेची सफाई

मांजर जुन्या कोपऱ्यात परत जाते, त्याचे कारण तेथे उरलेला वास. माणसाच्या नाकाला तो जाणवत नाही, मांजराला जाणवतो. मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्यामुळे नुसत्या पुसण्याने ते निघत नाहीत आणि पावसाळी दमट हवेत वास पुन्हा उठतो. प्रथम कापडाने किंवा कागदाने ओल टिपून घ्यावी, नंतर एन्झाइमयुक्त द्रावणाने जागा भिजवून ते आपोआप सुकू द्यावे. ते न मिळाल्यास एन्झाइमयुक्त कपडे धुण्याच्या पावडरीचे सौम्य द्रावण लावून स्वच्छ पाण्याने पुसावे.

येथे घराघरांत होणारी एक चूक जिवावर बेतू शकते. फरशी पुसण्यासाठी वापरली जाणारी फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजराला विषारी असतात. ही द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले, तरी विष पोटात जाते. मांजराने कोपऱ्यात जाऊ नये म्हणून तेथे डांबराच्या गोळ्या ठेवणेही तितकेच घातक. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्रासारखा असल्याने ते मांजराला उलट आमंत्रणच देते, आणि ब्लीचिंगचे द्रावण मूत्रावर ओतल्यास माणसालाही अपायकारक असा वायू तयार होतो. जागा स्वच्छ झाल्यावर तेथे मांजराची खाण्याची वाटी किंवा झोपण्याचे पोते ठेवावे. जेवणाची आणि झोपेची जागा ते सहसा मळवत नाही.

घरच बदलताना

बदली झाली, भाड्याचे घर सुटले, की मांजरावर सगळेच बदल एकदम येतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या गेल्या, तेव्हा त्यांना रेडिओ कॉलर लावून हालचालींवर लक्ष ठेवण्यात आले होते. कारण मार्जारकुळातील प्राणी नव्या मुलखात आल्यावर प्रथम तो मुलूख धुंडाळतो. घरचे मांजरही उघडे दार दिसताच जुन्या घराच्या ओढीने निघून जाऊ शकते. म्हणून नव्या घरात सुरुवातीचे काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे. तेथे जुना ट्रे न धुता, थोड्या जुन्या लिटरसह ठेवावा. जुनी गोधडीही न धुता द्यावी. ते तेथे निवांत खाऊ-झोपू लागल्यावर एकेक खोली उघडावी. बाहेर फिरण्याची सवय असलेल्या मांजरालाही दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये.

माणसांची काळजी

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो आणि गर्भाला त्यापासून धोका असतो. मात्र विष्ठेतील त्याची बीजे लागणक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज ट्रे साफ करणे हाच मोठा बचाव आहे. गर्भवतीने हे काम घरातील दुसऱ्यावर सोपवावे. तसे शक्य नसेल, तर हातमोजे घालून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. या भीतीने मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेला भाजीपाला यांतूनही हा संसर्ग होतो. वापरलेले लिटर शौचकुपात ओतू नये, भाजीच्या वाफ्यातही टाकू नये; पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावे.

पोते आणि पंधरा दिवस

घाण करणाऱ्या मांजराला पोत्यात घालून गावाबाहेर, नदीपलीकडे सोडून येण्याची रीत ग्रामीण भागात आणि शहरांतही आहे. घरात वाढलेले मांजर तेथे भुकेने, कुत्र्यांच्या तावडीत सापडून किंवा रस्त्यावर मरते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने, उपासमारीने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायद्यापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये. अशा मांजरांपैकी कित्येकांचा अपराध एवढाच असतो, की कूलर बसवायचा म्हणून त्यांचा ट्रे कोणीतरी सकाळी उचलला आणि संध्याकाळी तो त्यांना सापडला नाही. दुसरा ट्रे, मूठभर जुने लिटर आणि पंधरा दिवसांचा धीर, एवढ्यावर हा प्रश्न बहुतेक घरांत सुटतो.